गाडीखालची लाल गोंड्याची चप्पल

विजयसिंहरावांनी चारचौघांत गुडघ्यावर बसून बनाबाईंच्या पायात चप्पल चढवली आणि माफी मागितली. पण असं काही घडलंच नाही, असं रावांचं म्हणणं आहे. तेव्हा नागरिकहो, आपणही ते घडलं नाही असंच धरून चालू.

घडलं ते एवढंच. लेकीच्या, राजनंदिनीच्या साखरपुड्याला तिलाच घेऊन निघताना राव वाटेत कागल रोडला केरबाच्या वॉशिंग सेंटरवर थांबले.

"केरबा, खालनं अशी चकाचक कर, की त्यात तोंड दिसलं पायजे!"

"खालनं कोन बघतंय, मालक?"

"जयसिंगपूरचं पावणं वाकून बघत्यात."

केरबानं गाडी रॅम्पवर चढवली, खाली शिरून पाण्याचा फवारा मारला. चिखल गळाला, उसाची चिपाडं गळाली आणि सायलेन्सरपाशी अडकलेली एक चप्पल थप्पकन पडली. बायकी. लाल गोंड्याची.

"माझी न्हाय," राव म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं.

केरबानं ती धुऊन फळीवर ठेवली. तिथं आधीच सहा चपला आणि अर्धी छत्री ओळीनं मांडलेली होती. खाली खडूनं गाड्यांचे नंबर.

"ह्यो काय प्रकार?"

"एसटीच्या स्टॉपवर डबकं साचतंय, मालक. लोक जोरात गाडी घालत्यात, मानसं मागं उड्या मारत्यात, पायातलं ऱ्हातंय चिखलात, आन् गाडीखाली अडकून हितं येतंय. ज्याचं त्येनं येऊन न्यावं."

तेवढ्यात सत्तरीच्या बनाबाई आल्या. एका पायात लाल गोंडा, दुसऱ्यात नातवाचा क्रिकेटचा बूट.

"आली का रं माझी?"

राव घाईनं म्हणाले, "आजी, मी नवा जोड घेऊन देतो की."

"तुमी कशापायी? तुमी काय केलंय?"

राव खिशात पाकीट चाचपू लागले. राजनंदिनी मात्र खाली मान घालून बोलली, "आबा, मंगळवारी मी 'हळू' म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, पाणीच हाय, वाळंल."

"वाळलं की," बनाबाई म्हणाल्या. "भैनीला बघाय दवाखान्यात निघालोतो. असल्या चिखलानं कसं जायाचं? माघारी फिरलो."

अरेरे! एका डबक्यापायी दोन बहिणींची भेट चुकली!

केरबा म्हणाला, "मालक, काचंतनं नुसता रस्ता दिसतोय. मानूस बघायचा तर हितं खाली याया लागतंय."

राव रॅम्पखाली उभे होतेच. गाडी खरोखरच चकाचक झाली होती, तोंड दिसत होतं. रावांनी वर बघायचं टाळलं.

मग ते घडलं, जे घडलेलं नाही.

साखरपुड्याला गाडी त्याच डबक्यातनं हळूहळू, दवाखान्यावरून, पाऊण तास उशिरा पोचली. मागं बनाबाई बसल्या होत्या, दोन्ही पायांत गोंडे. पाहुणे गाडीखाली वाकले. राव स्वतःहून म्हणाले, "चिखल हाय. माझाच हाय."

नागरिकहो, डबक्यापलीकडे कुणीतरी कुठंतरी निघालेलं असतं. ब्रेक आपल्याच पायाखाली असतो.

सबब, मा. परिवहन अधिकारी साहेबांस विनंती की, परवाना नूतनीकरणापूर्वी प्रत्येक चालकास स्वतःच्या गाडीखाली पंधरा मिनिटे उताणे निजवावे, व त्यास काय दिसले ते दोन प्रतींत लिहून घ्यावे. कळावे.