ओळखीचा वैरी

लाँड्रीमामाने जन्मभर फुटबॉल क्लबचे निळे शर्ट धुतले आणि मॅचला बसून नदीपलीकडच्या पिवळ्या क्लबला घसा बसेपर्यंत शिव्या घातल्या. यंदा मालकांनी दोन्ही क्लब एक केले. शर्ट अर्धा निळा, अर्धा पिवळा! हे दोन रंग एका टबात कोण भिजवतं?

आज पहिल्याच मॅचला पूर्वी पिवळ्यांकडून खेळणाऱ्या दाढीवाल्याने गोल मारला आणि सवयीने मामाच्या तोंडून शिवी निघाली.

"मामा, गोल आपला आहे!" भाची ओरडली.

"आपला? मग गेल्या वर्षी ह्याने रडवलं ते कोणाला?"

तेवढ्यात रेफ्रीने गोल रद्द केला. मामा ताडकन उठला आणि रेफ्रीच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागला. कसं मोकळं वाटलं! ओळखीचा वैरी तेवढा एकच उरला होता.