साहेबांसाठी सारवलेली वाट

चौतीस वर्षं महसूल खात्यात काढून मी अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. त्यामुळे मला कुणी कायदा शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं. पाड्यावरचा शैलेश मला कायदा शिकवायला आला आणि तिथून हे सगळं सुरू झालं. लोक काय वाटेल ते बोलोत, सुरुवात त्याने केली.

आमचं घर वज्रेश्वरीच्या अलीकडे, डांबरी रस्त्याला लागून आहे. घराच्या कडेने एक मातीची वाट आत जाते. दोन किलोमीटरवर वीस-बावीस घरांचा आदिवासी पाडा आहे, तिथे ती संपते. वाटेचे पहिले तीनशे फूट, ओढ्यापर्यंत, माझ्या सातबाऱ्यात येतात आणि गावनकाशात तिथे रस्ता दाखवलेलाच नाही. आधी बैलगाड्या जायच्या, मग टेम्पो आणि रिक्षा जाऊ लागल्या. मी कधी हरकत घेतली नाही. चाकांनी मातीत वीतभर खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या.

मग रविवारचे जीपवाले सुरू झाले. ठाण्याहून आठ-आठ, दहा-दहा जीपा यायच्या. मुद्दाम चिखलात गाडी रुतवायची आणि आरडाओरडा करत ती बाहेर काढायची, हा यांचा खेळ. ज्याला रोज चिखल तुडवावा लागतो त्याला असला खेळ सुचत नाही. माझ्या बायकोला, सरोजिनीला, दमा आहे. पाऊस संपला की यांच्या धुळीने तिच्या नाकी नऊ यायचे. गणपतीनंतरच्या एका रविवारी त्यातल्या एका शहाण्याने रुतलेली जीप ओढायला तारेचा दोर माझ्या हापूसच्या कलमाला बांधला. जीप जागची हलली नाही, सहा वर्षांचं कलम मात्र मुळासकट बाहेर आलं. "अंकल, टेन्शन नका घेऊ, नवीन लावून देतो," म्हणाला. त्याच आठवड्यात मी वाटेवर लोखंडी गेट बसवलं. कडेला माणूस जाईल एवढी वळणाची फट ठेवली, मोटारसायकल निघणार नाही अशी. जीपा बंद झाल्या.

राहिली भागीची रिक्षा. भागी ही पाड्यावरच्या धाकल्याची बायको, वय पन्नासच्या आत. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. मंगळवारी आणि शुक्रवारी तिला डायलिसिसला भिवंडीत न्यावं लागे. नाक्यावरची रिक्षा तिच्या दारापर्यंत जायची, तिला न्यायची आणि संध्याकाळी परत आणून सोडायची. खेप चुकवली तर बाई हातची जाईल, असं डॉक्टरांनी धाकल्याला सरळ सांगितलं होतं. तेव्हा त्या दोन दिवशी सकाळी सातला मी स्वतः जाऊन गेटचं कुलूप काढायचो. भागी रिक्षातून हात जोडायची. मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू?

शैलेशला ते आवडलं नाही. हा धाकल्याचा पुतण्या, सरोजिनीच्याच हाताखाली शाळेत शिकलेला, आता काल्हेरला गोडाऊनमध्ये सुपरवायझर. एके दिवशी येऊन ओटीवर उभा राहिला.

"अण्णा, गेट काढा. वाट जुन्या वहिवाटीची हाय. काकीला दर खेपेला तुमच्या कुलपासमोर थांबावं लागतं, हे बरोबर न्हाय."

"मी उघडतो ना?"

"उपकार नको, हक्क पायजे. मी कचेरीत अर्ज टाकलाय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पाड्यातल्या एकूण एक घराचं रेशनकार्ड, जातीचा दाखला, वनजमिनीचा दावा, सगळं मी याच ओटीवर बसून भरून दिलं होतं, एक पैसा न घेता. आणि माझ्याविरुद्ध अर्ज! त्याच दिवशी मी ठरवलं की ही वाट मोटारीला कायमची बंद करायची. प्रकरण चालू असेपर्यंत मात्र मंगळवार-शुक्रवार कुलूप काढत राहिलो. मध्येच बाईला अडवली असती तर साहेबांसमोर वाईट दिसलं असतं, एवढं मला कळतं.

माघात स्थळपाहणीची नोटीस आली. मंडळ अधिकारी स्वतः येऊन पंचनामा करणार होते. अशा प्रकरणात साक्षी दोन्ही बाजूंनी हव्या तेवढ्या पडतात, त्यांचं कुणी काही मोजत नाही. जागेवर चाकांच्या खुणा आहेत की नाहीत, यावर निकाल लागतो. आणि आमच्या वाटेवर चाकोऱ्या अशा होत्या की आंधळ्यालाही पायाने कळल्या असत्या. मी हरणार होतो. शैलेशने अर्जाला साधा फोटोही जोडला नव्हता. त्याला वाटलं असणार, वाट कुठे पळून जातेय?

पाहणी सोमवारी होती. आधीच्या शुक्रवारी, भागीला डायलिसिसहून आणून सोडल्यावर, धाकल्या आला. नेहमीसारखा ओटीच्या पायरीवर बसला.

"अण्णा, साहेब येनार हाय न? शैलेशची डबल ड्युटी हाय, तो तिकडंच ऱ्हातो. साहेबाला मान कसा द्यायचा, तू सांग."

पाड्यावर सगळ्यांनाच तू म्हणतात, कलेक्टर आला तरी तू म्हणतील.

मी म्हटलं, "अर्ज माझ्याविरुद्ध आहे. कळतंय ना तुला?"

"अर्ज शैलेशचा हाय. तू आपला हायेस."

मी वाटेकडे एकदा बघितलं. मग विचारलं, "तुमच्याकडे लग्नात नवरीच्या वाटेचं काय करता?"

"खड्डे भरतो. झाडतो. शेणानं सारवतो. बाया तांदळाच्या पिठाचे ठिपके देतात."

"मग साहेब काय कमी आहे? त्याला खाचखळग्यातून चालवणार?"

धाकल्याचा चेहरा उजळला. आपल्याला कसं सुचलं नाही, असं काहीतरी पुटपुटत तो उठला आणि लगबगीने निघाला. मी बोललो ते एवढंच. शपथेवर विचारलंत तरी एवढंच सांगेन.

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खा पाडा वाटेवर उतरला. गेटपासून ओढ्यापर्यंत त्यांनी चाकोऱ्यांत मुरूम भरला, पाणी शिंपलं आणि लाकडी धुम्मसाने धोपटून धोपटून सपाट केला. पुरुष ठोकत होते, बाया शेण कालवत होत्या, मध्येच कुणीतरी गाणं म्हणायचं. भागीही आली होती. तिला उभं राहवत नव्हतं, म्हणून ती वाटेच्या कडेला बसून हाताला येईल तेवढं सारवत होती, सुजलेल्या बोटांनी. सरोजिनीने सगळ्यांना चहा पाठवला. स्वतःच्या दारातली रिक्षा ही माणसं स्वतःच्या हातांनी पुरत होती आणि मी खुर्ची टाकून बघत होतो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सरोजिनी माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"ते चाकोऱ्या बुजवताहेत," ती म्हणाली.

"हो."

"मग काय राहील साहेबांना बघायला? तुम्ही सांगितलंत त्यांना हे?"

"मी माझ्या ओटीवर बसलोय."

ती पायरीपर्यंत गेली. मला वाटलं, आता जाऊन सांगेल. तिने दम्याचा पंप तोंडात धरून दोनदा दाबला आणि आत जाऊन कुकर लावला. तिलाही ती धूळ नकोच होती. माझ्या एकट्याच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं.

पाहणीच्या दिवशी गेटला आंब्याची पानं बांधलेली होती. अधिकाऱ्यांची गाडी डांबरी रस्त्यावरच थांबली. ठिपके बघून ड्रायव्हरला चाक पुढे घालवेना. साहेब खाली उतरले, जरा ओशाळले आणि हसत मला म्हणाले, "बूट काढू की काय?" मग वाटेच्या कडेकडेने ओढ्यापर्यंत चालत गेले आणि परत आले. कारकून कागद घेऊन मागे होता.

साहेबांनी धाकल्याला विचारलं, "ही वाट नेहमी अशीच असते?"

धाकल्या क्षणभर गोंधळला. आपली वाट एरवी घाण असते, असं पाहुण्याच्या तोंडावर कोण सांगेल? तो छाती काढून म्हणाला, "व्हय साहेब. आमी अशीच ठेवतो."

"गाड्या येतात?"

"रिक्षा येते ना. भागीची."

"कुठून जाते? चाकोरी तर कुठेच दिसत नाही."

तेवढ्यात शैलेश पोचला. गोडाऊनचा निळा शर्ट तसाच अंगावर, रात्रपाळीने डोळे तांबडे. त्याने वाट बघितली आणि जागीच उभा राहिला. मग ओरडलाच, "साहेब, इथं चाकोऱ्या होत्या! एवढ्या खोल! यांनी बुजवल्या!"

"का बुजवल्या?"

"तुमच्यासाठी!"

साहेब चष्मा पुसत म्हणाले, "हे बघा, मला दिसतं ते मी लिहितो." शैलेश माझ्याकडे वळला. तेवढ्यात धाकल्यानेच त्याला दंडाला धरून बाजूला घेतलं. पाहुण्यासमोर आवाज चढवला म्हणून त्याला पुतण्याची लाज वाटत होती. पंचनामा वाचून दाखवला गेला. "जागेवर वाहनांच्या वहिवाटीच्या खुणा आढळून आल्या नाहीत." धाकल्याने अंगठा उठवला आणि साहेबांना नारळ दिला.

चैत्रात निकाल आला. पायी वहिवाट अबाधित, वाहनांची वहिवाट सिद्ध होत नाही. मी तो कागद दोनदा वाचला. चांगला मसुदा होता. त्याच दिवसापासून गेटचं कुलूप मंगळवारीही निघालं नाही आणि शुक्रवारीही नाही. सरोजिनी म्हणाली, निदान भागीपुरतं उघडा. मी तिला समजावलं, की निकालानंतर एकदा जरी रिक्षा आत सोडली तर उद्या अपिलात तीच वहिवाट म्हणून दाखवतील. हे कायद्याने बरोबर आहे. कुठल्याही वकिलाला विचारा.

मग धाकल्या आणि त्याचा भाऊ भागीला खुर्चीवरून आणू लागले. प्लॅस्टिकची खुर्ची, तिला दोन बांबू बांधलेले. वैशाखाच्या उन्हात दोन किलोमीटर गेटपर्यंत, आणि संध्याकाळी अंगातलं त्राण गेलेली बाई घेऊन पुन्हा दोन किलोमीटर. फटीतून खुर्ची निघत नसे, म्हणून तिथे तिला उतरवून दोघं काखेत धरून चालवायचे. शैलेश आठवड्यातून एकच दिवस येऊ शकायचा. तो माझ्या घराकडे बघून थुंकायचा. ते मला सोसत होतं. धाकल्या मात्र प्रत्येक खेपेला गेटपाशी घाम पुसत हाक मारायचा, "अण्णा, बरा हायेस ना?" ते सोसत नव्हतं.

एका शुक्रवारी रिक्षा उशिरा आली. भागीला माझ्या पायरीवर बसवून धाकल्या आणि त्याचा भाऊ रिक्षा बघायला नाक्यावर गेले. आम्ही दोघंच होतो. तिचे पाय भोपळ्यासारखे सुजले होते. मी पाणी विचारलं, तिने मान हलवली. पाणीही मोजून प्यायचं होतं तिला.

"अण्णा, मला ठाव हाय," ती म्हणाली.

"काय?"

"वाट सारवायला तूच लावलंस. कशासाठी लावलंस तेपन ठाव हाय. धाकल्या घरी येऊन बोलला तवाच मला कळायला पायजे होतं. माजंपन डोकं न्हाय चाललं. मीपन सारवली."

मी नजर रस्त्याकडे वळवली. खात्यात शिकलेली पहिली गोष्ट तीच.

"मी धाकल्याला सांगितलं न्हाय," ती म्हणाली. "सांगनार पन न्हाय. शैलेश सांगतो, त्याला तो खोटा पाडतो. पाडू दे. मी गेल्यावर त्याला कागद कोन लिहून देल? त्याला दुसरं घर हाय का? तू त्याला हाकलू नको. तेवढं कर."

मला राग आला. मरायला टेकलेली बाई मला शिव्या देईल, शाप देईल, गेट उघड म्हणून पाया पडेल, या सगळ्याला माझ्याकडे उत्तर होतं. याला नव्हतं. चावी माझ्या कंबरेला होती आणि गेट तिथून दहा पावलांवर. मला उठता आलं असतं. रिक्षाचा आवाज आला आणि तिला उचलून नेली.

त्यानंतर ती दोनच खेपा आली. पुढच्या मंगळवारी खुर्ची आली नाही. शुक्रवारीही आली नाही. धाकल्याने तिला उचलायला हात लावला तर तिने खाटेचा कठडा धरून ठेवला म्हणे, तुमचे खांदे सोलून निघालेत, मला न्हाय जायचं म्हणून. रविवारी ती गेली. तिला पाड्यामागेच पुरली. त्यासाठी वाट लागली नाही.

बाराव्या दिवशी धाकल्या एकटाच आला आणि पायरीवर बसला. त्याच्या दोन्ही खांद्यांवर बांबूचे काळे वळ होते. मृत्यूची नोंद करायची होती, ग्रामपंचायतीला अर्ज हवा होता. सरोजिनी आतून बाहेर आली नाही. मी कागद घेतला. नाव, वय, दिनांक. मृत्यूचं कारण या रकान्यापाशी माझा हात थांबला.

"काय लिहू?" मी विचारलं.

"तुला ठाव," तो म्हणाला. "तू लिहिशील तेच खरं."

मी 'आजारपण' लिहिलं. त्याने अंगठा उठवला, शाई धोतराला पुसली आणि कागदाची घडी खिशात जपून ठेवली. मग उठता उठता म्हणाला, "अण्णा, भागी जाताना बोलली, कायपन लागलं तर अण्णाकडं जा. तू हायेस म्हनून बरा हाय."

मी म्हटलं, "येत जा."