हाज्जाचा शब्द आणि राखाडी सायकल

मित्रांनो, मी एक जुनी, राखाडी रंगाची, लांब पल्ल्याची सायकल आहे. अल्जीरियातल्या ब्लिदा शहरातल्या एका गॅलरीत, सब्जाच्या कुंड्यांशेजारी माझे घर आहे. अंगावर ओरखडे आहेत, एका ब्रेकचा आवाज येतो, पण मी रडगाणे गायला आलेली नाही. मला आभार मानायचे आहेत. कारण खरे सांगायचे तर मला कोणी निवडलेच नव्हते.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथे नळ्या कापल्या, जोडल्या, त्यांच्यावर रंग भाजला आणि मला खोक्यात बंद करून बोटीत चढवले. अल्जीयर्सच्या बंदरातून मी ब्लिदात आले, बेलकासम मिस्त्रीच्या दुकानात. त्याने मला एका खुंटीवर टांगले. शेजारच्या खुंटीवर एक लालभडक सायकल होती, मी तिला लाली म्हणायचे. दोघींच्या गळ्यातल्या चिठ्ठीवर किमतीचा आकडा जवळजवळ सारखाच. पण ती लांबलचक, हँडल खाली झुकलेले, उभी असली तरी पळते आहे असे वाटायचे. माझे हँडल उंच, टायर जरा जाड, मागचे दातेरी चक्र मोठे, म्हणजे चढावर पायांना हलके. गिऱ्हाईक तिच्यापुढे थांबायचे आणि मला म्हणायचे, "ही म्हाताऱ्यांची." सात महिने मी हे ऐकले. शेवटी मलाही ते खरे वाटू लागले.

मग एका वसंतात महफूद मास्तर आले. वय एकोणसाठ, भूगोल शिकवून निवृत्त झालेले. तरुणपणी ते सायकल क्लबात होते. क्लबाचे जुने गडी अजूनही दर शुक्रवारी पहाटे श्रेआच्या डोंगरावर देवदारांपर्यंत चढून जात आणि दुपारच्या नमाजाआधी परत येत. मास्तरांच्या पाठीचे ऑपरेशन झाले आणि त्यांचे जाणे बंद पडले. दोन वर्षे दर शुक्रवारी ते गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत उभे राहत. खालून घंट्या वाजत. मास्तर हात हलवत आणि एकाच कुंडीत इतके पाणी ओतत की सब्जा कुजून जाई. आता डॉक्टरांनी परवानगी दिली होती. मात्र पाठ वाकवून चालवायची नाही. पुन्हा मणका सरकला तर सायकल कायमची बंद.

मास्तर आले ते थेट लालीपुढेच उभे राहिले. बेलकासम त्यांचा जुना विद्यार्थी. मास्तरांना तोंडावर 'नको' कसे म्हणणार? त्याने आपले नेहमीचे माप लावले. कोपर सीटच्या टोकाला टेकवायचे आणि हात हँडलकडे ताणायचा. बोटे हँडलच्या दोन बोटे अलीकडे थांबली तर सायकल आपली. लालीवर मास्तरांचा हात वीतभर कमी पडला.

"होईल सवय," मास्तर म्हणाले. "हात लांबतो हळूहळू."

"एकोणसाठाव्या वर्षी?" सोबत आलेली त्यांची बायको झुबैदा म्हणाली. "मग उंची पण वाढतेय का बघा, पँटी नव्या शिवायला टाकते."

मास्तर चिडले. म्हाताऱ्यांच्या सायकलवर क्लबासमोर जाण्यापेक्षा घरी बसलेले बरे, असे ते म्हणाले. बेलकासमने हळूच मला खाली काढले. नुसते बसून तर बघा, घेऊ नका, म्हणाला. झुबैदा मात्र दाराकडे बघत होती. मला तेव्हा त्याचे काही वाटले नाही. बेलकासमचे तोंड बंद करावे म्हणून मास्तर माझ्यावर बसले.

आणि नेमक्या त्याच वेळी दारात हज करून आलेली म्हातारी, हाज्जा यमिना, उभी राहिली. वय ऐंशीच्या पुढे, कमरेवर संत्र्याच्या फुलांचे पाणी काढायचे तांब्याचे भांडे. माझ्यावर बसलेल्या मास्तरांना बघून ती म्हणाली, "बसहतेक, मास्तर."

मित्रांनो, आमच्याकडे कोणी नवे काही घेतले, नवे कपडे घातले, अगदी केस कापले तरी 'बसहतेक' म्हणतात. त्या वस्तूबरोबर तुला आरोग्य लाभो, असा त्याचा अर्थ. त्यावर उत्तर देणे भागच असते. मास्तरांच्या जिभेने मनाची वाट पाहिलीच नाही. "अल्लाह यसल्लमेक," अल्लाह तुलाही सुखरूप ठेवो, असे ते म्हणून गेले. आशीर्वाद मिळाला, घेतलाही, आणि आता ती वस्तू खुंटीला परत टांगायची? असे आमच्याकडे कोणी करत नाही.

मास्तरांनी सांगून पाहिले की हाज्जा, तुझी चूक झाली, ही मी घेतलेली नाही. हाज्जाने भांडे दुकानाच्या फळीवर ठेवले.

"असेल चूक. पण पडलेला शब्द उचलायला वाकावं लागतं बाबा. मला आता वाकता येत नाही. तुला येतं का?"

मास्तरांनी खाली उतरून बेलकासमसारखे कोपर माझ्या सीटला लावले, हात ताणला. दोन बोटे. बरोबर दोन बोटे.

पहिला महिना ते माझ्याशी फुगून होते. मला पुसायचे नाहीत. पण मी त्यांची पाठ सरळ ठेवली आणि चढावर त्यांचे पाय हलके केले. मेमधल्या एका शुक्रवारी आम्ही देवदारांपर्यंत पोहोचलो, सगळ्यांत शेवटी. गडी वाट बघत थांबले होते. लालीसारखी सायकल घेतलेला एकजण अर्ध्यातूनच कंबर धरून परतला होता. मास्तर उतरले, माझ्या हँडलवर कपाळ टेकून बराच वेळ उभे राहिले. मी इतकी सुखी त्याआधी कधी झाले नव्हते.

त्यानंतर अकरा वर्षे झाली. मध्ये एका हिवाळ्यात मास्तर मला विसरले. चेन गंजली, टायर बसले, माझ्यावर कुसकुस शिजवायचे पातेले वाळत पडायचे. पण वसंतात माझी किरकिर ऐकून ते ओशाळले आणि जुन्या दातांच्या ब्रशने एकेक कडी घासत बसले. म्हणून सांगते मित्रांनो, आपल्याला वाहून नेणाऱ्याला पावसात ठेवू नका, महिन्यातून एकदा तरी तेलाचे दोन थेंब द्या. आणि सायकल घ्यायला गेलात तर रंग मागून बघा, आधी कोपर लावा.

दर वसंतात घरी काढलेल्या संत्र्याच्या फुलांच्या पाण्याची पहिली बाटली मास्तर माझ्यावरून हाज्जाकडे पोहोचवत. का, ते कोणाला सांगत नसत. यंदा बाटली कबरस्तानात न्यावी लागली. त्यांनी मला भिंतीला टेकवले, कबरीवर पाणी शिंपडले आणि हळू आवाजात बोलू लागले.

"हाज्जा, तुझं घर बाजाराच्या पार त्या टोकाला. झुबैदाने बोलावल्याशिवाय ते तांब्याचं ओझं घेऊन तू बेलकासमच्या गल्लीत कशाला येशील? मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. झुबैदाला मी अजून सांगितलेलं नाही, तिला वाटू दे फसलो म्हणून."

मग त्यांनी बाटली उपडी करून शेवटचा थेंब झटकला, आणि माझ्याकडे येताना ओल्या हाताने माझे हँडल पुसले.