माझ्या पोटातली अकरा नावे

मित्रांनो, मी एक जुना स्मार्टफोन आहे. वस्तू जुन्या झाल्या की मायाळू होतात, असा तुमचा समज असतो. मी झालो नाही. मी वैतागलो आहे, आणि तो वैताग तुम्ही शेवटपर्यंत ऐकून घ्यावा अशी माझी इच्छा आहे.

माझा जन्म एका प्रचंड, स्वच्छ कारखान्यात झाला. माझ्यात बसवलेल्या नखाएवढ्या एका चकतीचे काम एकच: प्रत्येक निरोप, प्रत्येक छायाचित्र अशा सांकेतिक रूपात ठेवायचे, की योग्य आकडे दाबल्यावाचून ते कोणाला वाचता येऊ नये. घडवणाऱ्यांनी एवढे डोके खर्चले, आणि मी आलो एका रुग्णालयातील डायलिसिस विभागाच्या सिस्टरबाईंच्या हाती. बाई कामाला वाघ. कुलपाच्या बाबतीत मात्र सगळा आनंदीआनंद.

त्या विभागात एक रीत होती. सिस्टरांचे हात सदैव हातमोज्यांत. म्हणून सगळ्यांचे फोन एका टेबलावर असत आणि ते उघडण्याचा आकडाही एकच असे: विभागाचा क्रमांक, दोनदा. जिचा हात मोकळा असेल तिने कोणाचाही फोन उचलावा आणि निरोप घ्यावा. रीत मायेची होती, हे मी मान्य करतो. पण मेट्रनपासून लादी पुसणाऱ्या मावशींपर्यंत ज्याची किल्ली सगळ्यांकडे, त्याला कुलूप म्हणायचे का? शिवाय सुरक्षेच्या सुधारणा येत, मी तशी सूचना दाखवी, आणि बाई ‘नंतर’ दाबत. पाच महिने मी ते ‘नंतर’ सोसले.

मग बाईंनी माझ्यावर काही छायाचित्रे काढली. एका रुग्णाला वापरलेला फिल्टर धुऊन दुसऱ्याला लावला जात होता आणि नोंदवहीत तो नवा म्हणून लिहिला जात होता. अकरा सिस्टरांनी आपण काय पाहिले ते बाईंना नावानिशी लिहून पाठवले. कोणाची नोकरी कच्ची होती, कोणाच्या घरी दुसरे कमावणारे नव्हते. तुम्हाला विचारल्याशिवाय तुमचे नाव कोणाला कळणार नाही, असा शब्द बाईंनी प्रत्येकीला दिला. आणि तो शब्द ठेवला कोठे? माझ्या पोटात, सगळ्यांना पाठ असलेल्या आकड्यामागे.

सुदैवाने बाईंच्या धाकट्या जाऊबाई फोनदुरुस्तीच्या दुकानात कामाला होत्या. त्यांनी मला एकदा हाताळले आणि कपाळावर हात मारून घेतला.

“ताई, हे कुलूप आहे की नुसती शोभा?”

त्यांनी राहिलेल्या सुधारणा भरल्या आणि बाईंकडून बारा अक्षरांचा परवलीचा शब्द ठरवून घेतला. एवढे लक्षात राहणार नाही, अशी कुरकुर बाईंनी केली. “भावोजींचा वाढदिवस विसरलात तरी मी सांभाळून घेईन,” जाऊबाई म्हणाल्या, “हे तेवढं विसरू नका.” पुढचे आठ दिवस बाई चुकीची अक्षरे दाबत आणि बोल मला लावत.

नवव्या दिवशी दुपारी, गोपनीय कागद चोरल्याची रुग्णालयाची तक्रार घेऊन पोलीस आले. टेबलावरून मला आणि सर्वांत नव्या सिस्टरच्या फोनला उचलून वेगवेगळ्या पिशव्यांत मोहोरबंद केले.

येथे एक गोष्ट समजून घ्या. बाईंनी सकाळी एकदा मला उघडले होते. असा फोन नंतर बंद दिसला तरी घराची किल्ली आत खुंटीवर टांगलेली असते. हिकमती माणूस खिडकीतून काठी घालून ती काढू शकतो. तपासनीस असाच हिकमती होता. स्वभावाने सभ्य, कामाने दमलेला. आधी त्याने मेट्रनने दिलेला आकडा लावून पाहिला. चुकला. मग तार जोडली. पण कुलूप लागून तास उलटला होता, आणि त्यानंतर मी तारेतून फक्त वीज घेतो, बोलत नाही. उरले कुलूप फोडणारे मोठे यंत्र, आणि त्याच्यापुढे एकवीस पिशव्यांची रांग.

नव्या सिस्टरचा फोन मात्र त्या जुन्या आकड्याने अर्ध्या मिनिटात उघडला. त्यात दोन नावे निघाली, तिचे आणि तिच्या मैत्रिणीचे. ती नावे रुग्णालयाच्या वकिलापर्यंत पोचली आणि दोघींची नोकरी गेली. मी शेजारी पडून होतो. काय करणार?

माझा नंबर लागण्यापूर्वी तीन दिवस उलटले. इतका वेळ कोणी उघडले नाही की मी आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो, आणि खुंटीवरची किल्लीसुद्धा विसरतो. ही त्या सुधारणांतलीच एक सोय. तपासनिसाने माझ्याकडे पाहून सुस्कारा सोडला आणि बाईंना बोलावून परवलीचा शब्द विचारला.

“साहेब, फोटो मी काढलेत. तसं लिहा, मी सही करते,” बाई म्हणाल्या. “पण ती नावं मला सांभाळायला दिलीत, वाटायला नाही.”

त्याने तसे लिहून घेतले.

मी कोणी न्यायाधीश नव्हे, हेही कबूल करतो. एखाद्या लबाडाच्या खिशात असतो तरी असाच मिटून बसलो असतो. कुलपाला माणूस ओळखता येत नाही. ते काम तुमचे.

सात महिन्यांनी मी परत आलो. बाई एकदा चुकल्या, दुसऱ्यांदा बरोबर लिहिले. तोवर फिल्टरच्या प्रकरणावर चौकशी समिती नेमली गेली होती. मग बाईंनी उरलेल्या नऊ जणींना एकेक करून विचारले, तुझे नाव देऊ का? एकीने रात्रभराचा अवधी मागितला. एकीने आधी सासूला विचारले. शेवटी सगळ्या जणींनी एकच सांगितले: तुम्ही देऊ नका, आम्ही येतो. चौकशी समितीपुढे नऊ जणींनी उभे राहून आपापले नाव स्वतः सांगितले. मी बाईंच्या पिशवीत होतो. मला कोणी बाहेरही काढले नाही.

त्यांच्या मागच्या बाकावर नोकरी गेलेल्या त्या दोघी बसल्या होत्या. त्यांना कोणी विचारलेच नव्हते. म्हणून मित्रांनो, आज पुन्हा ‘नंतर’ दाबण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्या, की तुमच्या फोनमध्ये तुम्ही एकटे राहत नाही.