दाताखाली यायला हवं

जावईबापूंना सासुरवाडीच्या स्वयंपाकघरात गॅसपाशी उभं राहायला बंदी होती. लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्यांनी दुधाचं पातेलं आणि शेजारची भिंत एकदमच काळी केली होती. म्हणून वर्षअखेरीच्या सुट्टीत सगळे जमले की सासूबाई त्यांच्यावर फळांची कच्ची चटणी सोपवायच्या. ना फोडणी, ना विस्तव. संत्रं सालीसकट चिरायचं, त्यात सफरचंद, डाळिंबाचे दाणे, आलं, साखर, लिंबू घालायचं आणि रात्रभर फ्रिजमध्ये मुरू द्यायचं. "यात बिघडवण्यासारखं काहीच नाही," असं सासूबाई म्हणाल्या होत्या आणि जावईबापूंनी ते कौतुक म्हणून पदरात पाडून घेतलं होतं.

हे गृहस्थ पेशाने कवळ्या बनवणारे. मेणात दात बसवा, घासा, चकचकीत करा, यातच हयात गेलेली, त्यामुळे बारीक चिरण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. सगळं सुखाचं चाललं असतं, पण सासरे ती चटणी खात नसत. चमचाभर वाढून घ्यायचे, तोंडात घोळवायचे, डोळे बारीक करायचे आणि उरलेली ताटाच्या कडेला सारायचे. हा माणूस आयुष्यभर बसडेपोत घोषणा करत आलेला. कुठली गाडी रद्द, कुठली उशिरा, सगळ्या जगाला ठणकावून सांगितलेलं. पण चटणीबद्दल विचारलं की, "छान आहे, छान आहे," एवढंच पुटपुटायचे.

त्या 'छान'ने जावईबापूंच्या जिवाला घोर लावला होता. त्यांचे वडील लहानपणीच गेलेले. सासऱ्यांनी एकदा तरी पोटभर खावं आणि आणखी मागून घ्यावं, एवढी एकच आस त्यांना होती. त्यापायी दरवर्षी चटणीत सुधारणा व्हायची. कधी साखर कमी, कधी आलं जास्त. यंदा मात्र त्यांना रोगाचं मूळच सापडलं होतं. चटणी मऊ पडते! मग त्यांनी संत्र्याची साल जाड ठेवली, डाळिंबाचे दाणे दुप्पट घातले आणि वर अक्रोडही फोडून टाकले.

"अहो, बाबांचं वय बघा जरा," बायको म्हणाली.

"वयाचं काय घेऊन बसलीस? खाताना काहीतरी दाताखाली यायला हवं. त्यांच्या तोंडात माझी कवळी आहे, दगड फोडतील!"

त्या कवळीवर त्यांचा फार जीव. सासऱ्यांना ती त्यांनी स्वतः माप घेऊन भेट दिली होती. मग बायकोच्या मावशी कशा मागे राहतील? काकांनीही नंबर लावला. सासुरवाडीचं निम्मं हसू आपल्या हातचं आहे, असं जावईबापू चारचौघांत सांगत.

दुसऱ्या दिवशी जेवणाआधी चटणीचं भांडं आणायला ते स्वयंपाकघरात गेले, तर सासरे ओट्याशी पाठमोरे उभे. भांडं तोंडाला लावून चटणीतला रस ओढत होते. शेजारी पाण्याच्या पेल्यात कवळी.

"बाबा?"

सासरे दचकून वळले. गाल आत गेलेले, हनुवटीवरून रस ओघळतोय. "फार सुरेख झालीय हो," ते बोळक्या तोंडाने म्हणाले.

"मग दरवर्षी ताटात का टाकता?"

"दाणे कवळीखाली शिरतात. हिरडीला टोचतात. जीव कळवळतो नुसता."

"पहिल्यापासून?"

"तुम्ही इतक्या हौसेनं बसवलीत. कुठल्या तोंडानं सांगणार?"

जावईबापूंना हसावं की रडावं कळेना. इतकी वर्षं जी दाद हवी होती ती मिळाली, पण चटणीची अब्रू वाचता वाचता धंद्याची गेली. ते खालच्या आवाजात म्हणाले, "बाबा, मी नवी करून देतो. पण आजच्या दिवस हीच कवळी घाला. बाहेर कुणाला कळायला नको."

सासऱ्यांनी निमूटपणे कवळी चढवली.

टेबलावर चमचाभर चटणी नेहमीप्रमाणे ताटाच्या कडेला गेली. "बघा, यंदाही बाबांनी सारली," बायको म्हणाली.

"बिघडवण्यासारखं काही नव्हतं तरी," सासूबाईंनी उसासा टाकला.

"चटणीच जाडीभरडी राहिली. चुकलं माझं," जावईबापू मान खाली घालून म्हणाले.

सासऱ्यांना ते सोसलं नाही. "चटणीला नाव ठेवायचं नाही!" थेट डेपोतला आवाज लागला. सगळे हातातले घास घेऊन थांबले. सासऱ्यांनी कवळी काढली, ताटाशेजारी ठेवली आणि वाटी पुढे केली. "वाढा."

मावशींनी काकांकडे पाहिलं, काकांनी मावशींकडे. मग मावशींनी हळूच रुमाल तोंडाला लावला, आणि काकांनी तर तेवढाही आडपडदा ठेवला नाही.

"मलाही दे गं," मावशी सासूबाईंना म्हणाल्या. "रस आणि मऊ फोडी तेवढ्या. दाणे नकोत."

भांडं फिरत राहिलं. सासऱ्यांनी दुसऱ्यांदा मागितली, तिसऱ्यांदा मागितली, बोटं चाटली. जावईबापूंचे डोळे भरून आले. समोर ताटांशेजारी त्यांच्या हातच्या तीन कवळ्या पांढऱ्याशुभ्र हसत होत्या.

तळाशी उरलेले दाणे, साली आणि अक्रोड त्यांनी आपल्या ताटात ओतून घेतले आणि खायला सुरुवात केली. साऱ्या टेबलावर चावण्याचा आवाज तेवढा त्यांचाच येत होता.