दुसऱ्या घंटीचं कारण

तिने कळ दाबली आणि ती चहा आणायला उठली. परत येईपर्यंत पडद्यावर पुस्तक तयार झालं होतं.

पुस्तकच म्हणायचं. इस्पितळाच्या लिफ्ट चालवणाऱ्या जुन्या प्रोग्रॅममध्ये, यंत्राला दिलेल्या आज्ञांच्या अधेमधे माणसांसाठी टिपा लिहिलेल्या असत. कचेरीत आलेलं नवं सॉफ्टवेअर त्या वेचायचं, कुठली टीप कुठल्या कामाची ते जुळवायचं आणि सरळ वाचता येतील अशी पानं तयार करायचं. फार तर चार रुक्ष पानं निघतील असं तिला वाटलं होतं. प्रोग्रॅम लिहिणारे तिचे वडील होते आणि कचेरीत त्यांना सगळे मौनीबाबा म्हणत. घरी काय वेगळं? हा माणूस तोंडात मिठाची गुळणी धरून जेवतोसुद्धा, असं आई म्हणे.

सोमवारी तो प्रोग्रॅम मोडीत निघणार होता. जे कुणाला वाचता येत नाही ते ठेवायचं कशाला, हे साहेबांचं म्हणणं. त्यातलं काय त्याच्या जागी येणाऱ्या नव्या प्रोग्रॅममध्ये घ्यायचं ते तिने ठरवायचं होतं. 'दार मिटताना दोनदा घंटी' यावर तिने आधीच काट मारली होती. एक पुरते, दुसरी चुकून राहिली असणार.

तिने पहिलं पान उघडलं.

'चौथ्या मजल्यावर दार जास्त वेळ उघडं ठेवावं. सफाईच्या बाई दोन बादल्या आणतात. एक आत ठेवून दुसरीसाठी परत जातात. तेवढ्यात दार मिटलं तर बादली एकटीच फिरून येते.'

ती हसली. मग पुढचं वाचलं.

'सकाळी लिफ्ट आपणहून वर जाऊन थांबावी. रात्रपाळीच्या नर्स दमलेल्या असतात.'

'थांबताना हिसका बसू नये. स्ट्रेचरवरच्या माणसाला छताशिवाय काही दिसत नाही. हिसक्याने तो घाबरतो.'

चहावर साय धरली. "जेवलीस का?" एवढंही कधी न विचारणारा माणूस त्या इस्पितळात किती काळ, कुठल्या कोपऱ्यात उभा राहिला असेल? कोण कसं चालतं, कोण कशाला घाबरतं, सगळं त्याने पाहून ठेवलं होतं. ती थक्क झाली. इतकी वर्षं आपण कुणाच्या समोर बसून जेवलो, हे तिला आत्ता कळत होतं.

अर्धं वाचून तिने सगळं छापून घेतलं आणि संध्याकाळी आईच्या हातात ठेवलं. वडील खिडकीशी चष्मा पुसत बसले होते.

आईने बरीच पानं वाचली.

"हे सगळं ह्यांनी लिहिलंय?"

"बाबांनीच."

"माझ्याशी बोलताना शब्द मोजून, आणि यंत्राशी एवढ्या गप्पा!" आई खिडकीकडे वळली. "अहो, दुनियेसाठी दारं उघडी ठेवलीत. माझ्यासाठी कधी एक दार धरलंत का?"

वडील उठले. त्यांनी आईच्या हातातली पानं चाळली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि ते तिथेच उभे राहिले. आई मोठ्याने वाचू लागली.

'दार मिटताना घंटी दोनदा वाजवावी. एरवी पहिलीला माणूस आत शिरतो. कडेवर तापाने फणफणलेलं मूल असलं की आई पहिलीला मुलाला घट्ट धरते. पाय उचलायला तिला दुसरी लागते. मी आत होतो. त्या दोघी बाहेर राहिल्या.'

 आईने पान मांडीवर ठेवलं.

"वरून जिना धावत उतरून आलात," ती म्हणाली. "धाप लागली होती. हिला माझ्याकडून घेतलंत आणि एक अक्षर बोलला नाहीत. मला वाटलं, माझ्यावर चिडलात."

"घंटी एकच होती तेव्हा," वडील म्हणाले.

आईने त्यांचा हात धरला. लेकीकडे पाहायला दोघांनाही जरा वेळ लागला.

"नव्यात आहे ना ती?" वडिलांनी विचारलं.

"आहे," ती म्हणाली, आणि कॉम्प्युटर उघडायला आतल्या खोलीत गेली.