मांडीवरचा बाप

"फुलं कुठं गेली?" मुजियातनं विचारलं.

जीपमध्ये पाचही पाहुणे बसले होते. ज्वालामुखीवरचा सूर्योदय झाला होता, विवराचा चढ उतरून झाला होता, आणि बुटांतली राख आता गाडीभर सांडत होती.

"ती पांढऱ्या कापडातली?" मागून लिलिस म्हणाली. "टाकली की विवरात. वर सगळे टाकतात ना, इच्छा मागून. मला वाटलं, तुम्ही आमच्यासाठीच ठेवलीत."

"साहेबांच्या बढतीसाठी टाकली," कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले.

मुजियात कॉफी प्यायला गाडीतून उतरला होता, तेवढ्यात हे झालं होतं. त्यानं स्टिअरिंग धरून ठेवलं.

"ती माझ्या बापाची होती."

"म्हणजे?" शेजारी बसलेल्या हेंद्रा साहेबांनी विचारलं. सुराबायाहून ऑफिसची सहल त्यांनीच आणली होती.

"बाप वारला माझा. आज त्याचा विधी आहे. पानाफुलांचा बाहुला करतात, त्यात त्याला बोलावतात, मग तो जाळून त्याला पुढं पाठवतात. फुलं थोरल्या मुलानं स्वतःच्या हातानं तोडून आणायची असतात. पहाटे येताना तोडली होती."

"अरेरे. पण मग ते थेट देवाकडेच पोचले म्हणा की," मागचा तोच आवाज म्हणाला. या वेळी फक्त दोघंच हसले.

"चुकून झालं, दादा," हेंद्रा म्हणाले. "काय किंमत होईल ती देतो. आता धबधब्याकडे घ्या, उशीर होतोय."

"धबधब्याला दुसरी गाडी येणार होती."

"ती बंद पडली. तुमच्या जीपवाल्यांच्या संघाच्या अध्यक्षांनी मघाशीच फोनवर सांगितलं, तुम्हीच नेणार म्हणून."

मुजियातला कुणी फोन केला नव्हता. सुट्टी मागितली तेव्हा अध्यक्षच म्हणाले होते, सूर्योदय दाखव आणि घरी जा. आता धबधब्याला जाऊन परतेपर्यंत बाहुले जळून गेलेले असणार. चार घरांचा विधी एकत्र होता. एकासाठी पुजारी थांबत नाहीत. आणि पाहुण्यांना मध्येच सोडलं, तर संघ गाडी भाड्याच्या रांगेतून काढतो.

ती फुलझाडं बापानं बटाट्याच्या बांधावर स्वतः लावली होती. पहिला बहर यायच्या आत तो गेला. ही फुलं कोमेजत नाहीत, म्हणून त्याला त्यांचं फार कौतुक.

वाळूच्या मैदानात मुजियातनं गाडी अशी हाकली, की मागचे एकमेकांवर आदळू लागले. फाट्यावर त्यानं धबधब्याची वाट सोडून गावाचा चढ घेतला.

"हे कुठं?" हेंद्रांनी विचारलं.

"घरी."

आई, मिस्नाती, दारातच उभी होती. मुजियात उतरल्या उतरल्या म्हणाला, "फुलं नाहीत. ह्यांनी विवरात फेकली. विचार, विचार त्यांना."

आईनं त्याच्याकडे पाहिलं, मग गाडीतल्या पाच जणांकडे.

"या, आत या. थंडी आहे. चुलीपाशी बसा."

"मी काय सांगतोय तुला?"

"ऐकलं. दारात आलेत ते. आवाज खाली कर."

चुलीभोवती बसवून तिनं त्यांना मक्याचा भात आणि कोबीची भाजी वाढली. मुजियात दाराला टेकून बघत राहिला. बापाला फेकून आलेली माणसं बापाच्याच चुलीवर हात शेकत होती, आणि आई विचारत होती, अजून वाढू का. पाहुण्यांपेक्षा त्याला तिचाच राग जास्त आला.

सगळ्यांची ताटं रिकामी झाल्यावर ती म्हणाली, "झालं जेवून? मग सांगते. या घरात जेवताना कुणाला बोलत नाहीत, म्हणून थांबले. दुसऱ्याच्या गाडीतली वस्तू न विचारता उचलली तुम्ही. पोरगं अंधारात बांधावर जाऊन ती फुलं तोडून आलं होतं. माझ्या माणसाच्या छातीला लावायची होती. आता झेंडू लावीन. झेंडू त्याला कधी आवडला नाही."

लिलिस मान खाली घालून रडू लागली.

"माफ करा, मावशी," हेंद्रा म्हणाले. "पण धबधबा दुपारनंतर बंद होतो म्हणे..."

"मग चालत निघा," आई म्हणाली. "माझा मुलगा आज गाडी चालवणार नाही."

"मी तक्रार करीन."

"करा."

ती परसात गेली. झेंडू खुडताना ती तो मुळासकट उपटत होती, एवढंच मुजियातला दिसलं.

मंडपात त्यानं अंगरखा काढला आणि चार घरांच्या थोरल्यांच्या ओळीत मांडी घातली. पुजाऱ्यांनी बाहुला त्याच्या मांडीवर ठेवला. पानांच्या छातीवर झेंडू घाईघाईनं खोचलेले होते. मंत्र सुरू झाले आणि बाहेर त्याच्या जीपचा हॉर्न वाजला. लांबलचक. मग पुन्हा.

शेजारच्यानं त्याच्याकडे पाहिलं. मुजियात उठला नाही. मांडीवर कलंडलेल्या बापाला त्यानं सरळ बसवलं, आणि सगळ्यांच्या डोक्यांवर विधीसाठी धरलेल्या पांढऱ्या कापडाची आपल्या बाजूची कड खाली ओढून घेतली.